कृतीतून शिक्षण : आधी गुरुजींचे!

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्या सुमारास आपल्याकडे दोन गोष्टी हटकून घडतात. पाऊस लांबतो, आणि प्राथमिक शिक्षणात काहीतरी नवे येते. गेल्या चाळीस वर्षांत आलेल्या या नव्या गोष्टींची नुसती नामावळी सांगायची म्हटली, तरी जुन्या शिक्षकाला धाप लागेल. १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. १९८८ चा अभ्यासक्रम रुळतो न रुळतो तोच १९९५ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पुढे २००४ चा आला, २०१२ चा आला. आणि मधल्या काळात आनंददायी शिक्षण, कृतियुक्त अध्ययन, ज्ञानरचनावाद असे शब्द परिपत्रकांतून वाहत राहिले. या प्रत्येकामागील विचार चुकीचा होता असे कोणीही म्हणणार नाही. किंबहुना या सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे : मूल ऐकून जेवढे शिकते त्यापेक्षा करून, पाहून आणि विचारून अधिक शिकते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने तर हे तत्त्व एकोणतिसाव्या कलमात नोंदवून ठेवले आहे. कृती, शोध आणि धांडोळा यांच्या द्वारा मुलाचे शिक्षण व्हावे, त्याच्या मनावर भीतीचे दडपण नसावे, असे ते कलम सांगते. तेव्हा तत्त्वाविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो निराळ्याच ठिकाणी. आणि त्याची चर्चा फारशी होत नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, बोलण्यात मात्र अजून नगरच येते) पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. कळसूबाईचे शिखर, भंडारदऱ्याचे धरण, भाताची खाचरे आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या, असा हा मुलूख. तेथील एका द्विशिक्षकी शाळेत एक पाठ पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. शाळेचे किंवा गुरुजींचे नाव येथे देत नाही. गुरुजींना प्रसिद्धीची हौस नाही, आणि थोडी धास्तीही आहे.

तिसरी-चौथीची मुले एकत्र बसली होती. विषय होता लांबीचे मोजमाप. गुरुजींनी पुस्तक उघडले नाही. ‘आपलं अंगण केवढं आहे ते सांगा,’ एवढेच म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. मुले बाहेर धावली. कोणी पावलांनी मोजले, कोणी हातांनी. दोघी मुली वितींनी मोजीत ओल्या जमिनीवरून सरपटत गेल्या. पंधरा मिनिटांनी उत्तरे आली, आणि कुणाचाच कुणाशी मेळ नव्हता. भांडण जुंपले. गुरुजी गप्प. अखेर एका मुलाने दोघांची पावले शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा भांडणाचे मूळ सापडले. मग सर्वांनी एकाच मुलाच्या पावलाने मोजावे असा ठराव झाला. तो मुलगा उद्या शाळेत आला नाही तर काय करायचे, अशी शंका लगेच निघाली. त्यावर त्याच्या पावलाएवढ्या अंतरावर दोरीला गाठी माराव्यात, म्हणजे दोरी शाळेतच राहील, असे ठरले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सर्वांना मान्य होईल असे एक माप ठरविण्यासाठी तेथील विद्वानांना जी खटपट करावी लागली, तिचीच एक लहानशी आवृत्ती त्या अंगणात तासाभरात उरकली. शेवटी वितीने मोजणाऱ्या मुलींपैकी एकीने विचारले, ‘गुरुजी, मी मोठी झाल्यावर माझी वीत वाढली, तर अंगण लहान होईल का?’

गुरुजींनी उत्तर दिले नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून प्रश्न वर्गापुढे टाकला. त्यावर जी चर्चा झाली तिच्यात संख्या बदलते पण वस्तू बदलत नाही, हा विचार मुलांनी आपापल्या बोलीत तीन-चार प्रकारे मांडला. पाठ्यपुस्तकात हे वाक्य एका ओळीत देता आले असते. मुलांनी ते पाठही केले असते.

याच पाठाच्या मध्यावर कुंपणापाशी एक पालक येऊन उभे राहिले होते. ‘गुरुजी, पोरांना शिकवायचं सोडून अंगण काय मोजायला लावलंय?’ असे त्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात उपहास नव्हता, काळजी होती. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याकडे पुढे वळू.

पाठ संपल्यावर त्या गुरुजींना विचारले की, ही रीत आपण कोठे शिकलात? अध्यापक विद्यालयात? ते हसले. दुसऱ्या तालुक्यातील एका शिक्षकमित्राचा वर्ग त्यांनी किरकोळ रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने जाऊन दोन दिवस पाहिला होता. तेथून आल्यावर वर्षभर ते चुकत गेले, सुधारत गेले. शासनाने त्यांना दिलेल्या अनेक प्रशिक्षणांचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तक्रार म्हणूनही नाही.

येथेच खरी मेख आहे. शिक्षक जसे शिकविण्यास सांगितले जाते तसे शिकवीत नाही. तो जसा शिकला तसे शिकवितो. आणि तो शिकला कसा? प्रस्तुत लेखकाने ज्या अध्यापक विद्यालयात शिक्षण घेतले, तेथे ‘कृतियुक्त अध्ययनाचे फायदे’ हा घटक आम्हाला उतरवून घ्यायला सांगितला होता. प्राध्यापक खुर्चीवर बसून सावकाश सांगत होते, आणि चाळीस छात्राध्यापक माना खाली घालून लिहीत होते. फायदे एकूण आठ होते. परीक्षेत मला सात आठवले, आणि आठव्याचा गुण गेला. तो आठवा फायदा ‘विद्यार्थी घोकंपट्टीपासून मुक्त होतो’ हा होता, हे नंतर वही पाहिल्यावर समजले. सराव पाठांची गोष्टही याहून वेगळी नव्हती. हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे पाठटाचण काढायचे, उद्दिष्टे एका रकान्यात व अध्ययन-अनुभव दुसऱ्या रकान्यात लिहायचे, हेतुकथन वेळेवर करायचे आणि फलकलेखन सुवाच्य ठेवायचे. निरीक्षक मागच्या बाकावर बसत. ज्या दिवशी गुणांकनाचा पाठ असे, त्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरे बसवून घेतली जात. काही चतुर छात्राध्यापक तर उत्तर येत असेल त्याने उजवा आणि येत नसेल त्याने डावा हात वर करावा, असा संकेतही ठरवून ठेवीत. म्हणजे सर्व हात वर, आणि वर्ग उत्साही! त्या वर्गात अनपेक्षित प्रश्न विचारणारी मुलगी म्हणजे छात्राध्यापकाच्या गुणांवर आलेले संकटच ठरले असते.

हे सारे जुने झाले, आता बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे, शाळेतील आंतरवासितेचे आठवडे वाढले आहेत, असे सांगितले जाईल. ते खरे आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आंतरवासितेसाठी गेलेल्या तरुणाने तेथे काय पाहायचे? ज्या शाळेत तो जातो, तेथील शिक्षकही त्याच मुशीतून बाहेर पडलेले असतात. सेवांतर्गत प्रशिक्षणाची कथा तर याहूनही उद्बोधक आहे. राज्य पातळीवर काही तज्ज्ञ जमतात. ते जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना सांगतात. जिल्हा तालुक्याला सांगतो, आणि तालुका केंद्राला. नगरच्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो ती पाटाच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी खालचा प्रदेश हिरवा झाला. पण आवर्तन सुटले की मुखाकडचा शेतकरी ऊस भिजवितो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहतो, ही तक्रार काही संपली नाही. प्रशिक्षणाचे पाणीही असेच मुरत मुरत येते. राज्यस्तरावर जी चर्चा चार दिवस चालली, ती केंद्रावर एका दुपारच्या भाषणात आटोपते. त्यातही ज्याने भाषण द्यायचे, त्याने ती पद्धती स्वतःच्या वर्गात एकदाही वापरलेली नसते. करोनाच्या काळापासून हे भाषण दूरस्थ चित्रफितींच्या रूपानेही येऊ लागले. चित्रफीत एकीकडे चालू ठेवून शिक्षक दुसरीकडे पटाची माहिती भरीत असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर याउलट घडलेल्या एका प्रसंगाची आठवण या जिल्ह्याने तरी विसरू नये. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाई १८२७ साली मुंबईत आल्या, आणि १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांचा हेतू धर्मप्रसाराशी निगडित होता हे उघड आहे. तो वाद येथे प्रस्तुत नाही. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत नगरला आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या, तेथील शिकविण्याची रीत त्यांच्या मनात भरली, आणि पुण्याला परतून १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८५३ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या निवेदनात जोतीरावांनी हे ऋण मान्य केले आहे. (‘ज्ञानोदय’ही नगरचेच, ते १८४२ साली येथे सुरू झाले.) सावित्रीबाईंना अध्यापनाचे जे शिक्षण मिळाले, त्याच्या संदर्भात चरित्रकार नगरच्या फरारबाईंचे आणि पुण्याच्या मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलचे नाव घेतात. जोतीरावांच्या हाती स्त्रीशिक्षणाचे फायदे सांगणारी आठ कलमांची यादी कोणी दिली नव्हती. त्यांनी एक चालता वर्ग डोळ्यांनी पाहिला होता. महाराष्ट्रातील बहुजनांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रवाह असा एका वर्गभेटीपासून फुटला, आणि ती वर्गभेट या जिल्ह्यात झाली.

पुढे महाराष्ट्रात जे जे प्रयोग रुजले, त्यांच्या मुळाशीही हीच गोष्ट आढळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्यातूनच अंगणवाडी हा शब्द देशाला मिळाला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यावी, या विचारातून तेथे कुरणशाळा निघाली. महागडी साधने परवडत नाहीत, तर पाने, बिया, शंख-शिंपले यांनी गणती शिकवावी, हे तेथेच सिद्ध झाले. परंतु ताराबाईंचे खरे मोठेपण आणखी एका गोष्टीत होते. बालवाडी चालविणे आणि बालशिक्षिका घडविणे ही दोन कामे त्यांनी एकमेकांपासून तोडली नाहीत. शिकाऊ सेविका मुलांतच वावरत होती; चुकली तर संध्याकाळी तिच्याशी बोलायला अनुभवी माणूस जवळच होता.

अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटातील शिक्षक यांनी मूल कसे शिकते याचा एकत्र बसून अभ्यास केला, आणि त्यानुसार वर्गांची रचना बदलली. या कामाचा लौकिक पसरला, राज्यभरातून शिक्षक पदरमोड करून तेथे वर्ग पाहायला जाऊ लागले. ही अत्यंत शुभ घटना होती. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासननिर्णय निघाला, आणि मग आपल्याकडे जे नेहमी होते ते झाले. पाहून आलेल्यांनी पाहिले ते सांगितले. न पाहिलेल्यांना उद्दिष्टे मिळाली. कुमठ्याच्या वर्गांत फरशीवर आखलेले तक्ते होते, म्हणून गावोगाव लोकवर्गणी जमवून फरशा रंगल्या. अंकांचे गोल, स्वरांची फुले, बाराखडीच्या आगगाड्या. या रंगकामाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. खडूचा फळा गळक्या भिंतीवर टांगलेल्या शाळेला रंगीत फरशी मिळाली तर मुले हरखतातच. पण कित्येक ठिकाणी त्या फरशीवर मुले रांगेत बसत आणि गुरुजी समोर उभे राहून पूर्वीसारखेच सांगत. रंग दोन पावसाळ्यांत उडाले, आणि ज्ञानरचनावादही गेला असे शिक्षक म्हणू लागले.

आता त्या पालकाच्या प्रश्नाकडे वळतो. कृतियुक्त शिक्षण हा शहरातील महागड्या शाळांचा शौक आहे, गरिबाच्या मुलाला अक्षर-आकडा लवकर आला पाहिजे, असे अनेक समंजस माणसांना वाटते. साखर कारखान्यांच्या परिसरातील गावांतून पिवळ्या बसगाड्या मुले उचलून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नेतात. तेथे मुले सुरात इंग्रजी कविता म्हणतात, आणि तेच शिक्षण आहे असे आईबापांना वाटते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन इयत्ता सांभाळतो, दुसरा बैठकीला गेला की चारही. एका इयत्तेला तो ‘शिकवीत’ असताना बाकीच्या इयत्ता पाटीवर तेच तेच गिरवीत किंवा खिडकीबाहेर पाहत बसतात. ज्या शाळेत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे, तिला एक वेळ भाषणपद्धती परवडेल. वाडीवरच्या शाळेला ती मुळीच परवडत नाही. मुलांनी स्वतः, जोडीने आणि गटाने काम करणे हाच तेथे एकमेव मार्ग आहे.

याचे शास्त्रशुद्ध रूप आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे पाहावयास मिळते. नगरचे अच्युतराव पटवर्धन राजकारण सोडून उत्तरायुष्यात ज्यांच्या विचारांकडे वळले, त्या जे. कृष्णमूर्तींच्या प्रेरणेने चाललेली ही संस्था. तिच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने एकशिक्षकी शाळांसाठी भाषा व गणिताचे शेकडो लहान टप्पे पाडून त्यांची एक शिडी केली, आणि प्रत्येक पायरीसाठी कार्डे तयार केली. मूल आपल्या पायरीचे कार्ड उचलते, एकट्याने वा सोबत्यांसह ते काम करते, झाले की पुढे जाते. २००३ च्या सुमारास चेन्नई महापालिकेने आपले शिक्षक तेथे पाहायला पाठविले, आणि पुढे काही वर्षांत तमिळनाडूच्या सरकारी शाळांत ही रीत राज्यभर गेली. येथेही आरंभ पाहण्यापासूनच झाला, हे लक्षात घ्यावे.

या शिडीचा विचार नगर जिल्ह्याने आणखी एका कारणासाठी केला पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांनी काही मुले गावात थांबलीही. पण जी जातात ती शाळेचे निम्मे वर्ष उसाच्या फडात घालवितात. मार्चमध्ये परतलेला मुलगा वर्गात येतो तेव्हा वर्ग विसाव्या धड्यावर असतो आणि तो आठव्यावर. सर्वांना एकाच वेळी एकच धडा, ही आपली पद्धत त्याला पहिल्याच दिवशी ‘मागे पडलेला’ ठरविते. शिडीच्या पद्धतीत त्याला त्याची पायरी शोधून द्यावी लागते, एवढेच. तो नवव्या पायरीवर चढतो आणि पुढचे पाहतो. ऊसतोड कामगाराच्या मुलासाठी सक्रिय अध्ययन ही चैन नव्हे. चौथीनंतर तो शाळेत टिकेल की कोयता हाती घेईल, याचा निकाल पुष्कळदा तेथे लागतो.

या पद्धतीच्या काही कैवाऱ्यांशी मात्र माझा मतभेद आहे. पाठांतर म्हणजे पाप, असे समजून पाढे हद्दपार करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेला आपला आजोबा बाजारात कधी फसला नाही. ज्या जिल्ह्यात नेवाशाला खांबाशी टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर भाष्य सांगितले, आणि जेथे आजही अक्षरशत्रू म्हातारीला हरिपाठ मुखोद्गत असतो, तेथे मुखोद्गत विद्येची हेटाळणी शोभत नाही. अट एवढीच की समजलेले पाठ व्हावे. दुसरे असे की, कृती म्हणजे गडबड नव्हे. मुलांनी कागद कापले, रंग फासले, टाळ्या वाजविल्या, आणि या सर्वांतून विचार करावा असा एकही क्षण आला नाही, तर तो करमणुकीचा तास झाला. अंगण मोजण्याचा पाठ चांगला होता तो मुले बाहेर धावली म्हणून नव्हे; त्यांची उत्तरे जुळेनात, आणि का जुळत नाहीत हे त्यांना शोधावे लागले, म्हणून. असा पेच योजणे अवघड असते. त्यासाठी शिक्षकाला विषय नीट आलेला असावा लागतो, आणि गप्प बसण्याचे धैर्यही लागते. ही दोन्ही कौशल्ये भाषण ऐकून येत नाहीत.

परीक्षा आणि तपासणी बदलल्याखेरीज हे धैर्य टिकणार नाही, हेही सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक पूर्व शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे मित्रमंडळ केंद्र या दोन स्वयंसेवी संस्थांनी तो आरंभिला, देशातील नामवंत वैज्ञानिक त्यात स्वतः उतरले, आणि पुढे ‘एकलव्य’ या संस्थेने तो वाढविला. तेथे सुट्टीतील प्रशिक्षणात शिक्षक मुलांप्रमाणेच प्रयोग करीत, फसत, भांडत. नंतर दरमहा एकत्र बसून वर्गातील अडचणी मांडत. आणि परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती, प्रात्यक्षिकही असे. कारण घोकलेले काय आहे हे तपासायचेच नव्हते. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली तेथील शासनाने एका आदेशाने बंद केला. आपल्याकडे असा आदेश काढावा लागत नाही. २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, ही त्यातील कल्पना सुंदर होती. थोड्याच दिवसांत तयार नोंदींची पुस्तके दुकानांत विकायला आली. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘परिसर स्वच्छ ठेवतो’ अशी वाक्ये शिक्षक एकामागून एक उतरवू लागले. विहीर कोठे आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांनाही घागर विकत आणून दिल्यासारखे झाले. वितीविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलीसाठी त्या पुस्तकात वाक्य नव्हते.

करायचे काय? निधीच्या मोठ्या योजना सुचविण्याचा माझा इरादा नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाली. नगर जिल्ह्याची ही संस्था संगमनेरला आहे. संगमनेरपासून अकोल्याच्या वाड्या दूर नाहीत. या संस्थेतील प्रत्येक अधिव्याख्यात्याने वर्षातील काही आठवडे एखाद्या द्विशिक्षकी शाळेत स्वतः वर्ग घ्यावा. हाताखालच्या शिक्षकांनी तो पाहावा आणि चुका दाखवाव्यात. असे झाले तर त्यानंतरचे प्रशिक्षण निराळ्या भाषेत बोलू लागेल. पूर्वी दरमहा गटसंमेलन होत असे, आज केंद्राची शिक्षण परिषद होते. तिच्यात आज सूचनांचे वाचन, माहितीचे तक्ते आणि चहा यांत दिवस सरतो. त्याऐवजी ज्या शाळेत परिषद आहे तेथील मुले थांबवून एक खरा, न बसविलेला पाठ व्हावा, आणि दुपारी केवळ त्याच पाठाची चर्चा व्हावी. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाकाठी ५० तास सांगितले आहेत. त्यांतील निम्मे तास जरी दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहण्यासाठी कर्तव्यरजा म्हणून मोजले, तरी आमच्या त्या गुरुजींना किरकोळ रजा टाकावी लागली नसती.

अशी माणसे नाहीत असे मुळीच नाही. अकोले तालुक्यातीलच शिक्षक-लेखक भाऊसाहेब चासकर यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’ हा शिक्षकांचा मंच उभा राहिला, आणि कोणाच्याही आदेशावाचून शिक्षक सुट्टीच्या दिवशी आपल्या वर्गातील अनुभव एकमेकांना सांगायला जमू लागले. त्याच तालुक्यातील हेरंब कुलकर्णी यांनी ‘शाळा आहे, शिक्षण नाही’ असे रोखठोक शीर्षक देऊन ग्रामीण व आदिवासी शाळांची स्थिती मांडली. टीका करणारा आणि उभारणी करणारा, दोन्ही शिक्षकच, आणि दोन्ही एकाच डोंगराळ तालुक्यातले; ही गोष्ट शिक्षण खात्याने अभिमानाने मिरवावी अशी आहे. पण ज्यांना पाहायला जावे अशा वर्गांची यादी आज कोणत्याही कार्यालयात नाही. कोणत्या शाळेची फरशी रंगली, हे मात्र छायाचित्रांसह उपलब्ध होते.

त्या पाठानंतर काही महिन्यांनी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. गाठी मारलेली दोरी दाराशेजारी खिळ्याला टांगलेली होती. मुलांनी तिने अंगण, ओटा, देवळाची पायवाट आणि एका खाचराचा बांध मोजून काढला होता, आणि आकडे भिंतीवर कोळशाने लिहिले होते. दोरी पावसात भिजून थोडी आटली असावी, असा त्यांना संशय होता. कारण अंगण आता दोन गाठी मोठे भरत होते. यावर पुढच्या आठवड्यात काय करायचे ते ठरत होते. मधल्या काळात तपासणी होऊन गेली होती. तपासणी करणाऱ्या साहेबांनी दोरीकडे बोट दाखवून ती जडवस्तूसंग्रह नोंदवहीत घेतली आहे का, एवढेच विचारले. गुरुजींनी त्याच दिवशी नोंद केली : ‘दोरी, गाठींची, नग १.’